तीनदा विचारायचं

आमच्या वेण्णापुरात प्रभागसभा कशी असायची, ते आधी सांगते. शाळेच्या हॉलमध्ये शंभर खुर्च्या मांडलेल्या, त्यांतल्या ऐंशी रिकाम्या. पुढच्या रांगेत नगरसेवक, त्यांचे दोन भाचे आणि तोंड चालवायला मिळेल म्हणून आलेली आमच्यासारखी निवृत्त मंडळी. विषय वाचायचे, चहा प्यायचा, गटारावरून दोघांनी भांडायचं आणि घरी जायचं. महापालिका म्हणायची, लोक येत नाहीत. लोक म्हणायचे, येऊन उपयोग काय? दोघंही खरंच बोलत होते.

मी प्रमिला. कासार आळीत राहते. महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवलं, आता आळीला शिकवते, असं आळीचं म्हणणं आहे. माझ्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, हेमलता तांबट राहायची. नवरा गेला, भांड्यांचं दुकान मोडलं, खालची जागा गोदामाला दिली आणि ही वर एकटी. तिची मुलगी मृण्मयी माझ्या वर्गात होती. हुशार, हट्टी, आणि रागावली की नाकाचा शेंडा लाल होणारी. ही गोष्ट त्या मायलेकींची आहे.

मृण्मयीने शहरात 'नगरमेळ' उभा केला. एकमेकांचं तोंडही न बघणारी माणसं तिने एका टेबलाभोवती आणून बसवली. महापालिकेने जागा द्यायची, कंपन्यांनी पैसा घालायचा, अभियांत्रिकी कॉलेजने मोजमाप करायचं, बायकांच्या बचत गटांनी उभं राहिलेलं काम चालवायचं. आणि आधी काय करायचं, कुठे करायचं, ते शहराने ठरवायचं. अडचण एवढीच, की शहर सभेला येत नव्हतं.

म्हणून बोलका आला. कागदोपत्री त्याचं नाव 'नागरिक प्रतिरूप', पण ते कुणाच्या तोंडात बसेना. लोकांनीच बोलका केलं, आणि बाईचा असला की बोलकी.

त्यातलं विज्ञान फार अवघड नाही. एखाद्या माणसाचं बोलणं पुरेसं ऐकलं, की पुढे तो काय बोलेल याचा अंदाज येतो. बायका नवऱ्याच्या बाबतीत रोज हेच करतात. बोलक्याला आपण आपखुशीने आपल्या जुन्या तक्रारी, सभेतली भाषणं, फोनवरचे निरोप द्यायचे, वर दोन दुपारी त्याच्याशी गप्पा मारायच्या. त्यातून तो आपल्याला काय हवं ते शिकतो, आणि मुख्य म्हणजे किती हवं ते शिकतो. 'पाहिजेच' म्हणणाऱ्याचं वजन जास्त, 'झालं तर बरं' म्हणणाऱ्याचं कमी. मग साऱ्या शहराचे बोलके एकाच वेळी एकमेकांशी बोलतात. माणसांना जे वर्षभर जमलं नसतं, ते दहा मिनिटांत उरकतं. शेवटी आपल्या फोनवर एक प्रश्न येतो: तुमच्या वतीने असं असं सांगितलं आहे. मान्य?

हा प्रश्न एकदाच यायचा. ती अट मृण्मयीने भांडून घालून घेतली होती. "लोकांना पुन्हा पुन्हा छळायचं नाही, एकदा नीट विचारायचं," ती म्हणाली, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्यांदाच त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं.

हेमाची बोलकी तयार करायला इरफान मुजावर स्वतः आला. बोलके बनवणाऱ्या कंपनीतला इंजिनिअर, मृण्मयीचा कॉलेजपासूनचा मित्र. मीही जाऊन बसले. आळीत काही नवीन आलं आणि मी तिथे नाही, असं सहसा होत नाही.

यंत्र म्हणजे सुपारीच्या डबीएवढी डबी. झाकण उघडलं की ती ऐकायची आणि बोलायची. हेमाने तिच्यासमोर पदर सारखा केला.

"तुमच्या घरात उन्हाचा त्रास होतो का?" डबीने विचारलं.

"उन्हाळा म्हटल्यावर ऊन असणारच की."

"आळीत कोणती सोय आधी व्हावी असं वाटतं?"

"कुठलीही होऊ द्या. आम्हाला काय, चालेल."

"दुसऱ्या भागाला ती आधी मिळाली तर?"

"त्यांनाही हवीच असेल ना. होऊ द्या त्यांचं आधी."

मला राहवेना. "अगं हेमा, पत्रा तापला की जीव घाबरा होतो म्हणून मला फोनवर रडगाणी ऐकवतेस, ते सांग की!"

इरफानने ओठावर बोट ठेवलं. एकाचं दुसऱ्याने सांगितलेलं चालत नव्हतं. तेही बरोबरच होतं, नाहीतर नगरसेवकाने अख्ख्या प्रभागाचं सांगून टाकलं असतं.

मग जेवायची वेळ झाली आणि इरफानने डबी मिटली. घरातल्या जेवणाखाणाच्या गप्पा नोंदवायच्या नाहीत, असा नियम कॉलेजवाल्यांनी घालून दिला होता. चांगला नियम होता. हेमाने भरली वांगी केली होती, तव्यावरून भाकरी ताटात येत होती.

"अजून एक भाकरी घे."

"नको मावशी, खरंच नको."

"पातळ आहे रे. घे."

"पोट भरलं, मावशी."

"बरं, अर्धी?"

"अर्धी द्या," इरफान म्हणाला, आणि हेमाने अख्खी वाढली.

तो हसायला लागला. "मावशी, मी दोनदा नको म्हटलं होतं!"

"पहिलं नको कुणी खरं मानतं का?" हेमा म्हणाली. "दुसरं मानायचं की नाही ते तोंडाकडे बघून ठरवायचं. तिसऱ्यांदाही नको म्हणालास, तर मग राहू द्यायचं."

तिने वर वांग्याचा रस्सा घातला, त्याने तो पुसून खाल्ला. डबी मिटलेली ताटाशेजारी पडून होती.

त्या वर्षीचा विषय होता थंडघर. आता सगळ्या शहरांत आहेत, तेव्हा नवीन होती. आमचं गाव नदीकाठचं, त्यामुळे उन्हाळ्यात हवा तापते आणि दमटही होते. मी मुलांना शिकवताना थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळायचे. फडक्यातलं पाणी उडतं म्हणून पारा खाली येतो. आपला घामही तेच काम करतो. पण हवाच पाण्याने भरलेली असेल तर घाम उडत नाही, पारा उतरत नाही, आणि अंगातली उष्णता अंगातच कोंडते. तरुण माणूसही त्यात काही तासांत आडवा होतो. थंडघर म्हणजे अशा दिवसांत बसायची जागा: जाड भिंती, स्वतःची वीज, पाणी, खाटा, एक नर्स. वीज गेली तरी ते बंद पडत नाही.

नगरमेळाने दहा थंडघरं ठरवली. त्या वर्षी सहा, पुढच्या वर्षी चार. कॉलेजच्या पोरांनी गल्लोगल्ली ओल्या फडक्याचे थर्मामीटर टांगले आणि कासार आळी पहिली आली. शाळेत असताना आमच्या आळीचा कधी पहिला नंबर आला नव्हता, असं मी म्हणाले, आणि सगळे हसले. मोजमाप हा एक भाग, पण क्रम बोलक्यांनी लावायचा होता.

सभा पुन्हा त्याच हॉलमध्ये झाली. या वेळी खुर्च्या भरलेल्या होत्या, पण पाहुण्यांनी. पडद्यावर एकेका भागाचं म्हणणं येत होतं. नदीपलीकडच्या नव्या सोसायट्यांचे बोलके म्हणत होते, आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक आहेत, आम्हाला पाहिजेच, नाही मिळालं तर आम्ही मान्य करणार नाही. मग आमची आळी आली. एकामागून एक तीच वाक्यं. आमचं काय, चालेल. त्यांचं होऊ द्या आधी. बघा तुम्हाला सोयीचं पडेल तसं. मधेच हेमाचा आवाज आला, अगदी तिचाच, बोलण्याआधी जरा थांबणारा: "आम्ही काढू कसंबसं एक वर्ष."

मृण्मयी मंचावर उभी होती. आईचा आवाज ऐकून ती हसली, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. अभिमानच वाटला तिला, आणि का वाटू नये?

मी मात्र हादरले ते माझ्या बोलकीमुळे. मी, जिच्या तोंडी लागायला नगरसेवक घाबरतात, तिची बोलकी गोड आवाजात म्हणत होती, "आधी ज्यांना गरज आहे त्यांचं करा." आपल्यासाठी मागायची वेळ आली की मीही अशीच बोलते, हे मला तेव्हा कळलं.

कासार आळी सातवी लागली. म्हणजे पुढच्या वर्षी. शहरातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी भाग घेतला होता. टाळ्या थांबेनात.

घरी आल्यावर दोघींच्या फोनवर प्रश्न आला. मान्य?

"नाही म्हण," मी हेमाला म्हटलं. "अजून वेळ आहे."

"अगं, तिचं काम आहे. तिच्या आईनेच नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील तिला? एका वर्षाचा तर प्रश्न आहे." तिने बोट टेकवलं. तिच्याकडे बघून मीही टेकवलं.

संध्याकाळी मृण्मयी पेढे घेऊन आली. चप्पलही न काढता दारातूनच म्हणाली, "आई, आळीचं पुढच्या वर्षावर गेलं गं. तुला चालेल ना?"

"चालेल की. तुझं काम नीट झालं ना? बस, चहा टाकते."

"नको, खाली गाडी थांबलीय," मृण्मयी म्हणाली आणि गेली.

मे महिन्यात ती लाट आली. पहिले दोन दिवस आम्ही उन्हाळा म्हणून घेतलं. तिसऱ्या दिवशी कावळेसुद्धा दिसेनात. पंखा लावला की गरम वाफ तोंडावर यायची. नदीपलीकडची थंडघरं उघडली, पण दुपारी तिथवर जायचं म्हणजे पूल ओलांडून चालत जायचं. रिक्षावाले बाहेर पडत नव्हते.

हेमा माझ्याकडे बसली होती तेव्हा मृण्मयीचा फोन आला. तिच्याकडे दिल्लीचं पथक आलं होतं. नगरमेळ बघून तो इतर शहरांत न्यायचा, असं चाललं होतं. मागे माणसांचा गलबला ऐकू येत होता.

"आई, फार तापलंय. माझ्याकडे येतेस का?"

"नको गं. तुझे सासू-सासरे आहेत, त्यात पाहुणे. व्याह्यांच्या घरी कशाला गर्दी? मला इथे चालतंय."

"बरं. पाणी पीत राहा हं. ठेवते."

मी म्हटलं, "जा की."

"तिच्या घरात दोनच खोल्या आहेत, पमा."

मग माझ्याकडेच झोप म्हटलं. माझं घर खालच्या मजल्यावर, जरा तरी गार. त्यालाही ती नको म्हणाली, आणि मी तिच्याशी भांडले, आणि ती आली. त्या रात्री ती माझ्याकडे झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे बदलून येते म्हणून वर गेली. दुपारी वीज गेली. मला डोळा लागला होता. उठून ताक केलं आणि तिच्यासाठी तांब्या भरून घेऊन गेले. ती जिन्याकडच्या दारापाशी पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही.

रुग्णवाहिका आळीच्या तोंडाशी आली, आत येईना. गोदामातल्या माणसांनी तिला खुर्चीवर बसवून नेलं. पुलावर पोचेपर्यंत ती गेली होती.

तेरावा झाल्यावर मृण्मयीने इरफानला माझ्या घरी बोलावलं. कंपनीत तिला त्याच्याशी बोलायचं नव्हतं. नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"माझी आई पत्र्याखाली भाजत होती आणि तुझं यंत्र म्हणत होतं, आम्ही काढू कसंबसं. चुकलंय ते. मला सगळ्यांसमोर सांगायचंय की ते चुकलंय."

इरफानचं तोंड सुकलं होतं. "मी रात्ररात्र तपासलं, मृण्मयी. ते चुकलेलं नाही. मावशी जे म्हणाल्या असत्या, तेच ते म्हणालं. आणि मान्य तर त्यांनी स्वतः दाबलंय."

"म्हणजे तिला नकोच होतं, असं म्हणायचंय तुला?"

मी त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि विचारलं, "इरफान, त्या दिवशी किती भाकरी खाल्ल्यास रे?"

"आं?"

"दोनदा नको म्हणालास. मग अख्खी खाल्लीस."

तो बघत राहिला. मग कपाळावर हात मारून घेतला. "डबी बंद होती," तो म्हणाला. "मावशी, तेव्हा डबी बंद होती."

हेमाची बोलकी अजून चालू होती, कारण मृत्यूची नोंद नगरमेळापर्यंत गेलीच नव्हती. इरफानने डबी आणली, झाकण उघडलं आणि मृण्मयीपुढे सरकवली. मग तिने विचारलं.

"आई, आळीत थंडघर आधी हवं होतं का?"

"आम्हाला काय, चालेल कधीही." तोच आवाज. मला पदर डोळ्यांना लावावा लागला.

यापूर्वी सगळे इथेच थांबले होते. शहर थांबलं होतं, यंत्र थांबलं होतं.

"खरं सांग ना, आई. हवं होतं का?"

"नदीपलीकडे म्हातारी माणसं आहेत म्हणतात. त्यांचं होऊ द्या."

"त्यांचं झालं, आई. त्यांचं सगळं झालं. आता तुझं सांग."

मृण्मयीने डबी उचलून तोंडाजवळ धरली.

"हवं होतं गं. दुपारी जीव अगदी घाबरा होतो. पत्र्याकडे बघत पडून राहते, वाटतं, आज काही खरं नाही. पण तुझ्या कामात माझा कशाला अडथळा?"

हे सगळं त्या यंत्रात पहिल्यापासून होतं. तिने दिलेल्या निरोपांत माझ्यापाशी केलेली कुरकुर होती, त्यातून ते शिकलं होतं. भिडेच्या मागे काय आहे ते त्याला माहीत होतं. विचारल्यावर सांगायला ते तयार होतं, हेमासारखंच, तिसऱ्यांदा विचारल्यावर.

मृण्मयी भिंतीला टेकून खाली बसली. "मावशी," ती मला म्हणाली, "मीपण तिला एकदाच म्हटलं होतं. ये म्हणून. एकदाच." आणि मग ती रडली, लहानपणी शाळेत पडल्यावर रडायची तशी, तोंड उघडं टाकून. मी तिला गप्प केलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. मृण्मयीने टेबलाभोवतीची सगळी माणसं पुन्हा बसवली आणि म्हणाली, यापुढे तीनदा विचारायचं. बोलक्यालाही आणि माणसालाही. कंपनीचे साहेब म्हणाले, खर्च तिप्पट होईल, लोक वैतागतील. महापालिकेचे अधिकारी म्हणाले, भाग घेणाऱ्यांचे आकडे पडतील. व्यापारी संघाच्या अध्यक्षांना ज्याने त्याने आपलं आपण मागावं असं वाटत होतं. बचत गटांच्या बायका काहीच बोलल्या नाहीत. मृण्मयीने त्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, चालेल जे ठरेल ते. तिने पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा. त्यानंतर त्या बायका जे बोलायला लागल्या, ते संपेपर्यंत कुणाला जेवायला उठता आलं नाही.

नियम झाला. आकडे पडले खरे. निम्मे लोक दुसऱ्या प्रश्नालाच कंटाळतात. पण क्रम बदलले, आणि मुकाट आळ्यांमधून भलतंच काही ऐकू यायला लागलं. आमचं थंडघर पुढच्या मार्चमध्ये उघडलं. मी रोज दुपारी तिथे जाऊन बसते. छान गार असतं. शेजारची खाट रिकामी असली की मला तिच्यावर पिशवीसुद्धा ठेववत नाही.

राहिली हेमाची बोलकी. नव्या नियमाच्या चाचणीसाठी लागते, असं सांगून मृण्मयीने ती वर्षभर चालू ठेवली होती. चाचणी कसली, संध्याकाळी हेमाच्या खोलीत जाऊन ती डबी उघडून बसायची. आमटीत चिंच किती घालायची, असलं काहीबाही विचारायची. पण गेलेल्या माणसाचा बोलका सभेत बसवता येत नाही, तसा कायदा आहे, आणि वर्षाची सभा जवळ आली. इरफानने तिला सांभाळून सांगितलं. बंद करण्याआधी बोलक्याचीही संमती घ्यायची, अशी कॉलेजवाल्यांची अट होती. तिघंजण त्या पत्र्याखाली बसलो. मृण्मयीने डबी मांडीवर घेतली.

"आई, आता तुला बंद करावं लागेल. चालेल ना?"

डबी जरा थांबली, हेमा पदर सारखा करायला थांबायची तेवढीच.

"चालेल गं. माझं काय?"

इरफानने मान वर करून मृण्मयीकडे बघितलं. मीही बघितलं. अजून दोनदा विचारायचं होतं, नियम तिचाच होता. तिचे ओठ हलले. विचारलं तर उत्तर काय येईल, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

तिने पुन्हा विचारलं नाही. हळूच झाकण मिटलं आणि डबी बराच वेळ तशीच मुठीत धरून बसली.